लिव्हर हलतो, पुढची चाकं नाहीत: इंदूरच्या एका १९६७ च्या जीपची विक्रीपूर्व तपासणी

गाडी महिंद्र सीजे-३बी, नोंदणी १९६७ ची, पेट्रोल, पहिल्या दिवसापासून एकाच घरात. ठिकाण इंदूर, रामबागेतल्या जुन्या घराची पत्र्याची शेड. मागणी सात लाख. विकणाऱ्यांनी चार गोष्टी ठासून सांगितल्या होत्या: इंजिन ओरिजिनल, रंग ओरिजिनल, फोर-व्हील चालू, कागद क्लिअर. घेणारे सुदामानगरचे, सिमरोलजवळ शेती असलेले. त्यांनी बयाणा देण्याआधी दोन दिवसांची तपासणी मागितली. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या निघाल्या, तिसरी खोटी, चौथी अर्धीमुर्धी. त्यातही मालकांनी जो दोष किरकोळ म्हणून सांगितला होता, खरा खर्च त्याच्याच पोटात होता.

मुंबईत महिंद्रने विलीज जीप जोडायला १९४७ मध्ये सुरुवात केली. ३बी हे मॉडेल अमेरिकेत १९५३ ते १९६८ पर्यंत निघालं. आपल्याकडे ते त्यानंतरही बरीच वर्षं चाललं, म्हणून ३बी दिसली की ती जुनीच असेल असं नाही. बॉनेट उंच असतं, कारण खालचं हरिकेन इंजिन उंच आहे. २१९९ सीसी, चार सिलिंडर, इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. पेट्रोल महागलं तशी यातली असंख्य इंजिनं निघाली आणि त्या जागी ट्रॅक्टरचं किंवा प्यूजोचं डिझेल बसलं. मूळ पेट्रोल इंजिनाची ३बी आज किंमत खाते ती त्यामुळे.

बाजारात दुसरा प्रकारही भरपूर आहे. हरियाणातलं मंडी डबवाली जुन्या जीप नव्याने उभ्या करून विकण्यासाठी प्रसिद्ध आहे. कागद जुने, चेसिस कुठली तरी, पत्रा नवा. त्या गाड्या वाईटच असतात असं नाही, शेतावर उत्तम चालतात. पण त्या ‘व्हिंटेज’ नाहीत आणि त्यांना व्हिंटेजचा भाव देऊ नये. म्हणून तपासणी इंजिनापासून न करता पत्र्यापासून केली.

पत्रा आणि रंग

रंग फिकट हिरवा, बॉनेटवर उन्हाने खडूसारखा झालेला. मालकांचा पुतण्या म्हणत होता, “दोन दिवस द्या, रंग मारून चकाचक करून देतो.” त्याला थांबवलं ते बरं झालं. नव्या रंगाखाली लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायचं लुकण, किती भरली आहे ते कळत नाही, आणि जुना रंग हाच अशा गाडीचा सर्वात भरवशाचा कागद असतो.

फ्रीजवर लावतात तसलं मॅग्नेट पातळ फडक्यात गुंडाळून सगळ्या पत्र्यावरून फिरवलं. डावं मागचं चाक झाकणाऱ्या भागावर तळहाताएवढ्या जागेत ते धरलं नाही, तिथे लांबी होती. बाकी सगळीकडे चिकटलं. मग डॅशबोर्डच्या आतली बाजू, सीटखालची टूलची पेटी आणि विंडस्क्रीनच्या बिजागरीमागची फट पाहिली. पुन्हा रंगवणारा या जागांपर्यंत पोचत नाही. तिन्ही ठिकाणी तोच हिरवा, त्याखाली प्रायमर, त्याखाली पत्रा. मधे दुसरा रंग नाही. तो तळहाताएवढा भाग सोडला तर मालक ‘एकदाही रंगवली नाही’ म्हणत होते ते खरं.

चेसिस आतून पोकळ नळीसारखी वाजते का ते हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं. मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ आवाज बद्द आला. तिथे माळव्याची काळी माती कडक गोळा होऊन बसली होती. ही माती ओली असताना चिकटते, सुकली की निघत नाही आणि महिनोन्‌महिने पाणी धरून ठेवते. फ्लोअरखालच्या आडव्या पट्ट्यांत हेच होतं आणि पत्रा आतून सडतो. दोन किलो माती खरवडून काढल्यावर चेसिस शाबूत निघाली, पण ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर स्क्रू-ड्रायव्हरने भोसकला तर आरपार गेला. साधारण वीतभर तुकडा कापून नवा पत्रा टाकावा लागणार. तो गॅसने डागायचा आणि फ्लोअरपुरताच रंगवायचा, सगळी गाडी नाही.

इंजिन

नंबर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, पाण्याच्या पंपामागच्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. त्यावर ऑईल आणि धूळ यांचा थर होता. घासकागद अजिबात लावायचा नाही, कारण घासलेला नंबर आरटीओत संशयास्पद ठरतो. थिनरचं फडकं दहा मिनिटं ठेवलं, मग जुन्या टूथब्रशने साफ केलं. शेवटून तिसरा अंक ‘३’. ऑनलाइन नोंदीत त्या जागी ‘८’. या एका अंकाचं पुढे काय झालं ते कागदांच्या भागात आहे.

चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजलं. आकडे पीएसआयमध्ये: ११८, १२०, ९२, ११९. या इंजिनाला १२०च्या आसपास असलं की बरं म्हणावं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजलं तर ९४. ऑईलने आकडा उडी मारून वर गेला असता तर रिंगा गेल्या असं म्हटलं असतं. तो जागचा हलला नाही, म्हणजे हवा व्हॉल्व्हमधून जात होती. बाजूचं टॅपेट कव्हर काढल्यावर कारण दिसलं. तिसऱ्याच्या एक्झॉस्टला गॅपच, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारं टॅपेट यांच्यातली फटच, नव्हता. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं सीटवर आपटून थोडा थोडा आत बसत जातो आणि गॅप आपोआप कमी होतो. टकटक आवाज थांबतो आणि मालकाला वाटतं इंजिन सुधारलं! प्रत्यक्षात व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसतो आणि त्याची कड जळत असते. थंड इंजिनवर एक्झॉस्टला ०.०१६ इंच, इनटेकला ०.०१८ इंच असा गॅप फीलरने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) लावला. पुन्हा कॉम्प्रेशन घेतलं तेव्हा ११०. कड थोडी जळली आहे, पण आणखी वर्ष-दोन वर्षं चालेल. जळण्याआधी सापडलं असतं तर हा दोष फक्त फीलर गेजचा होता.

हेड कधी उघडावं लागलं तर मिस्त्रीला एक गोष्ट आधी बजावून ठेवावी. या इंजिनाचा एक हेड बोल्ट कार्बोरेटरखाली, इनटेकच्या तोंडात लपलेला आहे. तो न दिसल्यामुळे पहारीने हेड उचकटून फोडलेली उदाहरणं आहेत. परत बसवताना सगळे बोल्ट मधून बाहेर या क्रमाने, ६० ते ७० फूट-पौंड.

पेट्रोलबद्दल: आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. जुना रबर पाइप आणि मेकॅनिकल पंपाचा पडदा त्याने फुगतो, मग चिरतो. पडदा चिरला की पेट्रोल थेट ऑईल चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकचा वास घेतला, पेट्रोलचा नव्हता. तरी पडदा आणि पाइप इथेनॉल सोसणारे घालावेत, ही खर्चाच्या यादीतली पहिली ओळ होती.

हँडब्रेकपासून सुरू झालेलं लचांड

मालकांनी स्वतःहून कबूल केलेला एकमेव दोष असा: “हँडब्रेक धरत नाही, लायनर घासलेत. आठशे-हजाराचं काम आहे.”

या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. गिअर बॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असतो, इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी. तिच्या मागच्या तोंडाशी, चाकांकडे ताकद नेणारा दांडा म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट जिथे जोडला जातो तिथे एक ड्रम असतो, त्यात असतो. (चालत्या गाडीत तो ओढू नये, सगळा झटका शाफ्टच्या टोकाच्या सांध्यावर, म्हणजे क्रॉसवर येतो.) ड्रम काढला. लायनर घासलेले नव्हते. जाडी चांगली होती, पण गिअर ऑईल पिऊन काळे, चपचपीत झाले होते. बोट फिरवलं तर डांबरासारखी तार निघाली. इथे कुणी लायनर बदलून ड्रम परत बसवला असता तर महिनाभरात नवे लायनरही असेच झाले असते.

ऑईल कुठून येतं? ट्रान्सफरच्या मागच्या सीलमधून. सील का गळतं? एक तर जुनं, दुसरं म्हणजे ट्रान्सफरमध्ये ऑईल जास्त. लेव्हलचा प्लग उघडला तर पातळी काठाशी असायला हवी होती. त्याऐवजी धार लागली आणि पाऊण कप नव्हे, पुरता अर्धा लिटर बाहेर आला. एवढं जास्त ऑईल कुणी भरलं नव्हतं. ते शेजारच्या गिअर बॉक्समधून आलं होतं. टी-९० गिअर बॉक्सचा मेनशाफ्ट सरळ ट्रान्सफरमध्ये शिरतो आणि मधलं सील गेलं की ऑईल त्याच वाटेने मागे सरकतं. गिअर बॉक्सचा लेव्हल प्लग उघडून बोट आत घातलं तर बोट कोरडं. त्यात एकूण साधारण एक लिटर लागतं, निम्मं गेलेलं.

आता मालकांच्या बोलण्यातली दुसरी एक गोष्ट जुळली. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की दुसरा गिअर निसटतो, म्हणून ते लिव्हर हाताने धरून चालवायचे. टी-९०चा हा जुना रोग आहे, पण कोरड्या बॉक्समध्ये बेअरिंग आणि सिंक्रोच्या कडा लवकर झिजतात आणि तो लवकर येतो. हँडब्रेक न धरणं आणि दुसरा गिअर निसटणं हे त्यांच्या हिशेबी दोन वेगळे, किरकोळ दोष होते. मूळ एकच, मधलं सील.

दुरुस्तीचा क्रम असा ठरला. आधी ऑईल भरायचा प्लग उघडून पाहायचा, मग रिकामं करायचा प्लग उघडायचा, कारण भरायचा प्लग गंजून बसला असेल तर गाडी जागेवरच अडकते. मागचा प्रॉपेलर शाफ्ट आणि हँडब्रेक ड्रम सोडायचा. ट्रान्सफरच्या मागचं पीटीओचं (बाहेरची यंत्रं चालवायच्या जोडणीचं) झाकण काढलं की मेनशाफ्टचा खाचांचा नट दिसतो. त्याची खिळपिन काढून नट सोडल्यावर ट्रान्सफर मागे सरकवता येतो. मधलं सील, मागचं सील आणि सगळे गॅस्केट नवे. योक (शाफ्ट ज्याला जोडतात ते तोंड) सीलमध्ये जिथे फिरतो तिथे नख फिरवून पाहायचं. खाच लागली तर नवं सीलही गळणार, तिथे बारीक स्लीव्ह चढवावी. ट्रान्सफरचा ब्रीदर, म्हणजे हवा जायचं भोक, वायरने साफ करायचा. तो बुजला की आतली गरम हवा ऑईल सीलमधूनच ढकलते. ट्रान्सफर उघडलाच आहे तर इंटरमीडिएट शाफ्टही बाहेर काढावा. त्याच्या अंगावर रोलरच्या रेषा उमटल्या असतील तर शाफ्ट आणि रोलर दोन्ही बदलायचे. इथे रेषा होत्या, बारीक, पण होत्या. ऑईल जीएल-४ ग्रेडचं, कारण जीएल-५ मधली रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. गिअर बॉक्सला एक लिटर, ट्रान्सफरला साधारण दीड.

सीलं आणि गॅस्केट इंदूरच्या बेअरिंगवाल्यांकडे मापावर मिळतात, तो पैसा किरकोळ. मजुरी मात्र पूर्ण तीन दिवसांची. आठशे-हजाराचं काम अठरा हजारांवर गेलं.

‘चालू फोर-व्हील’

मालकांना विचारलं, “काका, पुढचं गिअर शेवटचं कधी टाकलं होतं?”

“अरे, लिव्हर आजही मस्त पडतो. बघ.”

पडत होता, खट् असा आवाजही येत होता. पण गाडीखाली पुढचा प्रॉपेलर शाफ्टच नव्हता! पेट्रोल वाचावं, स्टिअरिंग हलकं व्हावं म्हणून तो काढून ठेवण्याची पद्धत एकेकाळी सर्रास होती. काकांनी शेडच्या माळ्यावर शोध घेतला तेव्हा गोणपाटात सुतळीने बांधलेला तो सापडला. ग्रीस मेणासारखं घट्ट, क्रॉस हातांनी वळेनात, पण नळी सरळ आणि दोन्ही टोकं मूळची. क्रॉस बदलून तो परत बसतो. हरवला असता तर दुसरा जुळवत बसावं लागलं असतं.

शाफ्ट नसताना लो गिअरही टाकून पाहू नये, हे इथे सांगणं भाग आहे. या ट्रान्सफरमध्ये पुढचं गिअर लावल्याशिवाय लो पडत नाही, आणि पडला की पहिल्या गिअरमध्ये एकूण कपात होते २.८ गुणिले २.४६ गुणिले ५.३८, म्हणजे सुमारे ३७ पट. ती ताकद चार चाकांत वाटली जाण्यासाठी आहे. पुढचा शाफ्ट नसेल तर सगळी मागच्या ॲक्सलवर येते. मागचे हब शंकूसारख्या शाफ्टवर चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने) बसवलेले असतात आणि नट ढिला असला की चावी कातरते. हबच्या तोंडाशी नारिंगी गंजाची पूड दिसली तर समजावं की हब हलतोय. इथे नव्हती.

पुढचा शाफ्ट बसवण्याआधी दोन्ही ॲक्सलचा रेशो एकच आहे का हे पाहणं टाळू नये. कुणी कधी एक हौसिंग बदललं असेल तर फोर-व्हीलमध्ये पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर फुटतो. पद्धत सोपी आहे. गिअर न्यूट्रलला, उरलेल्या चाकांना ओट, म्हणजे सरकू नयेत म्हणून ठोकळे, लावलेली. एक चाक जॅकवर उचलायचं, त्याच ॲक्सलचं दुसरं जमिनीवर राहू द्यायचं. शाफ्टच्या योकवर खडूची खूण करायची. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि योकचे फेरे मोजायचे. पुढे आले पाच आणि एक तृतीयांशाच्या थोडे वर, मागेही तेवढेच. दोन्हीकडे ५.३८, म्हणजे त्रेचाळीस दातांना आठ.

चाकं उचलताना पुतण्याने डाव्या बाजूचा एक स्टड मोडला. या जीपच्या डावीकडच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावला की ते सुटत नाहीत, आवळले जातात.

शाफ्ट क्रॉससह बसवून गाडी सिमरोलच्या शेतावर नेली. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावायचं नाही, कारण पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मधे नाही आणि वळणावर सगळी यंत्रणा पिळली जाते. सोयाबीन काढलेल्या रानात, आदल्या रात्रीच्या पावसाने लोण्यासारख्या झालेल्या मातीत, फक्त मागच्या चाकांवर गाडी बांधाला तिरपी होऊन रुतली. पुढचं लावल्यावर लो-मध्ये, पाय ॲक्सिलरेटरवर न ठेवता, नुसत्या आयडलवर सरळ बाहेर आली. पुढचे दोन्ही हब ओढत होते. डाव्या नकलवरून, म्हणजे चाक वळतं त्या सांध्यावरून, ग्रीस गळत होतं, नकल सील बदलायचं.

ब्रेक, स्टिअरिंग, टायर

ब्रेक एकाच सर्किटचे. एक होज फुटला की चारही चाकांचे जातात. मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली, चिखलाच्या तोंडावर. सगळे रबरी होज आणि मास्टरचं किट एकदमच बदलावं, तिथे कंजूसपणा नको. स्टिअरिंगच्या रिंगवर सुमारे चार बोटांचा प्ले होता. त्यातला बहुतेक मधल्या बेल क्रँकचा (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे वळवणाऱ्या तरफेचा) निघाला, स्टिअरिंग बॉक्सचा नाही. आधी बॉक्सचा स्क्रू आवळणारा मिस्त्री भेटला तर त्याला अडवावं, सरळ चालताना स्टिअरिंग जाम होतं. टायर ६.००-१६, नक्षी भरपूर, पण बाजूवरचा चार अंकी शिक्का ०९११, म्हणजे २०११ चा नववा आठवडा. पाचही टाकाऊ.

कागद

आरसी काकांच्या वडिलांच्या, आबांच्या नावावर. आबा वारलेले. त्यामुळे काका थेट विकू शकत नव्हते. आधी वारसाच्या नावे फॉर्म ३१, त्याला मृत्यूचा दाखला आणि ग्वाल्हेरचे भाऊ व देवासची बहीण यांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं. ते झाल्यावरच विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. नोंदणीची मुदतही संपलेली. फॉर्म २५ने नूतनीकरण करावं लागणार, उशिराच्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये वेगळे. वीस वर्षांवरच्या हलक्या गाडीचं नूतनीकरण ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये झालं. ‘कागद क्लिअर’ म्हणजे कर्ज नाही, एवढाच काकांचा अर्थ होता.

मग तो ३ आणि ८. हाताने लिहिलेल्या जुन्या आरसी बुकात शाईने स्पष्ट ३ होता. पुस्तकातली माहिती संगणकात चढवताना, ज्याला बॅकलॉग एंट्री म्हणतात, कुणीतरी ८ वाचला. ही चूक दुर्लक्षित ठेवून नाव बदललं असतं तर पुढच्या तपासणीत इंजिन बदललेली गाडी ठरली असती. पारदर्शक टेपखाली पेन्सिल घासून इंजिन आणि चेसिस दोन्ही नंबरांचे प्रिंट घेतले, जुन्या पुस्तकाची प्रत जोडली आणि दुरुस्तीचा अर्ज सगळ्यात आधी, फॉर्म ३१च्याही आधी लावला. मूळ पुस्तक खिडकीवर देण्यापूर्वी प्रत्येक पानाची रंगीत प्रत काढून ठेवली, कारण त्या अंकाचा पुरावा तेवढाच आहे.

घेणाऱ्यांना व्हिंटेज नोंदणी हवी होती. २०२१ च्या केंद्रीय नियमांत पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन मूळ असलेली गाडी त्यात बसते. ही बसते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. त्यांना आठवड्याला शेतावर जायचं होतं, म्हणून साधं नूतनीकरण निवडलं. पीयूसीसाठी आयडल सेट करताना कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. मिक्श्चर स्क्रू अर्धा फेरा आत घेतल्यावर तो बसला.

सौदा पाच लाख चाळीस हजाराला झाला. एक लाख बयाणा, उरलेली रक्कम आरसीवर घेणाऱ्यांचं नाव चढल्यावर. ट्रान्सफरचं काम विकणाऱ्यांनी करून दिलं, टायर आणि ब्रेक घेणाऱ्यांच्या अंगावर. रंगाला कुणी हात लावायचा नाही, हे करारात लिहून घेतलं. तीन आठवड्यांनी हँडब्रेकचा ड्रम पुन्हा उघडून पाहिला. लायनर कोरडे होते, पण गिअर बॉक्सच्या प्लगशी एक थेंब होता. तांब्याचा वॉशर जुनाच लावला होता, तो बदलला.